मदत हवी आहे : पोलादाचे शेअर विकायचे कधी?

नमस्कार मंडळी. २०२० च्या पडझडीत एका पोलाद कंपनीचे शेअर घेतले होते. पैसे तिपटीच्या वर गेले. पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) चार-पाचवर दिसत होता, म्हणून अजून स्वस्तच आहे या समजुतीत बसून राहिलो. मग मे २०२२ मध्ये सरकारने पोलादावर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं आणि भाव धाडकन खाली. नोव्हेंबरात शुल्क उठलं, पण तोवर मी घाबरून विकून मोकळा! (बायको अजून ऐकवते.)

नंतर कळलं, चक्रीय शेअरचं, म्हणजे तेजी-मंदीच्या फेऱ्यांबरोबर ज्यांचा नफा वर-खाली होतो त्यांचं, गणित उलटं असतं. नफा शिखरावर असताना पी/ई कमी दिसतो, मंदीत नफा आटला की तोच फुगतो. हे डोक्यात शिरलं, पण मग बघायचं काय? पी/बी (भाव भागिले प्रति शेअर पुस्तकी मूल्य, म्हणजे मालमत्ता वजा देणी) कंपनीच्याच जुन्या इतिहासाशी ताडून पाहता का? की हॉट रोल्ड कॉइल (पोलादी पत्र्याची गुंडाळी) आणि कोकिंग कोल (पोलाद बनवायला लागणारा कोळसा) यांच्या भावांतली तफावत? कंपन्या नव्या भट्ट्यांच्या घोषणा करू लागल्या की निघायचं, असं आमचे एक काका सांगतात. पटतं, पण ते फार लवकर नाही का होत?

आता पुन्हा थोडे घेतलेत. टप्प्याटप्प्याने विकणाऱ्यांनी पहिला टप्पा कशावरून ठरवता, तेवढं सांगा.