फक्त ऐकणारा मोबाइल उपग्रहाचे अंतर कसे मोजतो?

प्रश्न (रावेर):
आमच्या केळीच्या बागेच्या बांधावरून मोबाइल हातात धरून मी दोनदा फेरी मारली. सकाळी क्षेत्र ८३ आर निघाले आणि संध्याकाळी ८६. भूकरमापकांनी मात्र काठीवरच्या रोव्हरने (उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या मोजणी यंत्राने) मातीत गाडला गेलेला हद्दीचा दगड बोटभर फरकाने दाखवून दिला. मोबाइल उपग्रहाकडे काहीच पाठवत नाही, मग त्याला अंतर कळते तरी कसे?

उत्तर (जळगाव):
प्रत्येक जीपीएस उपग्रह शून्य आणि एक यांची १०२३ अंकांची, स्वतःची ठरलेली माळ दर मिलिसेकंदाला नव्याने प्रसारित करतो. मोबाइल तीच माळ स्वतःजवळ तयार करतो आणि आलेल्या माळेशी जुळेपर्यंत सरकवत नेतो. ती किती सरकवावी लागली यावरून, आणि संदेशातील वेळेवरून, संकेताच्या प्रवासाचा काळ निघतो. त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्याने तो थेट डोक्यावर असला तरी हा काळ सुमारे ०.०६७ सेकंद भरतो. माळेतला एक अंक म्हणजे जवळजवळ २९३ मीटर. जुळणी त्याच्या शंभराव्या भागापर्यंत नेली तरी तीनेक मीटरची शंका उरतेच.

प्रश्नकर्ता:
पण मोबाइलचे घड्याळ स्वस्तातले. एका मायक्रोसेकंदाच्या चुकीने ३०० मीटरचा फरक पडेल ना?

उत्तर (भुसावळ):
पडतो, म्हणूनच या कच्च्या मापाला आभासी अंतर म्हणतात. आपले मनगटी घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल, तर आमच्या जंक्शनवर नागपूर, खंडवा आणि मनमाड या तिन्ही बाजूंनी वेळेवर आलेल्या गाड्याही (असे घडते असे धरू) पाच-पाच मिनिटे उशिरा आल्यासारख्या वाटतील. सर्वांना सारखाच उशीर दिसला, म्हणजे दोष घड्याळाचा. मोबाइललाही स्थानाचे तीन आकडे आणि घड्याळाची चूक, अशी चार अज्ञाते सोडवायची असतात. त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात.

उत्तर (धुळे):
रोव्हर अंकमाळेवर न थांबता ती वाहून आणणाऱ्या लहरीचाच अंश मोजतो. ही लहर अवघी १९ सेंटीमीटर लांबीची असते, त्यामुळे माप मिलिमीटरपर्यंत उतरते. अडचण एवढीच की मधे पूर्ण लहरी किती गेल्या हे आधी ठाऊक नसते. अचूक ठाऊक असलेल्या जागी बसवलेल्या स्थिर केंद्राची मापे त्याच वेळी मिळाल्याने ती संख्या सोडवता येते, आणि आयनांबरातील (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातील) विलंब दोघांना जवळपास सारखाच असल्याने वजाबाकीत बहुतांश निघून जातो. केळीची रुंद, पाणीदार पाने संकेत क्षीण करतात, म्हणून मोबाइलची फेरी पानांखालून न मारता बांधाच्या मोकळ्या बाजूने मारावी. रोव्हरच्या पडद्यावर ‘फ्लोट’ दिसत असेल, तर पूर्ण लहरींची संख्या अजून सुटलेली नसते. ‘फिक्स’ येईपर्यंत दगड रोवू देऊ नये.