डावीकडे वळणाऱ्या ट्रकशेजारी सायकलवाला दिसतो का? ड्रायव्हर मंडळींना विचारायचं आहे

अशोकनगरचा_फिटर

नमस्कार. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत फिटर आहे, राहायला सातपूरला अशोकनगरात. १९ वर्षं झाली, पहिल्या पाळीला सायकलनंच जातो. सकाळी सव्वासहाला निघायचं, पपया नर्सरीवरून लिंक रोडला लागायचं आणि सातच्या आत गेटवर. गाडी घेता आली असती, पण सायकल मला मानवली आहे. या वयात गुडघे चांगले आहेत ते तिच्यामुळेच.

गेल्या मंगळवारी सुटताना जे झालं ते सांगतो. साडेतीनला पाळी सुटते आणि नेमक्या त्याच वेळी माल भरलेल्या गाड्याही बाहेर पडतात. लिंक रोडला माझ्यापुढं एक दहाचाकी हळूहळू चालली होती. ती उजवीकडे सरकली. मला वाटलं, मला साइड देतोय. डावीकडे चांगली हातभर मोकळी जागा झाली, मी सायकल पुढं घातली. निम्म्या गाडीपर्यंत पोचलो आणि ती गाडी डावीकडे यायला लागली. तिला कारखान्यांच्या गल्लीत वळायचं होतं. जागा कमी कमी होत गेली. मी पत्रा बडवला, ओरडलो. शेवटी सायकल टाकून गटाराच्या कठड्यावर उडी मारली. मागच्या चाकाखाली सायकलचं पुढचं चाक गेलं, हँडल मुरगळलं. माझा कोपर सोलला, बाकी काही नाही.

ड्रायव्हर खाली उतरला. पंचविशीतला पोरगा. त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. म्हणाला, "काका, तुम्ही दिसलाच नाहीत हो." माणसं जमली, दोघंतिघं त्याच्या अंगावर धावून गेले, तेव्हा मीच मध्ये पडलो. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. एवढा मोठा आरसा असून मी दिसलो कसा नाही? आणि त्याचा चेहरा बघता तो खोटं बोलत होता असंही वाटत नाही.

विचारायचं कारण माझी मुलगी. नववीत जाईल. जूनपासून सायकलनं शाळेत जायचं म्हणते. मी हो म्हणून बसलोय, तिची आई आता नाहीच म्हणते. पोरीला "जपून जा" यापलीकडे काय सांगायचं हे १९ वर्षं सायकल चालवून मला येत नाही, याचं वाईट वाटतं. ट्रक चालवणारं कुणी इथं असेल तर सांगा. वरून काय दिसतं आणि काय दिसत नाही?

आडगाव_लाइनवाला

काका, सायकल टाकून उडी मारलीत ते फार बरं केलंत. सायकल वाचवायच्या नादात माणूस जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तो पोरगा खरं बोलत होता. आम्ही उजव्या बाजूला बसतो, तुम्ही डाव्या बाजूला असता. मध्ये अख्खं केबिन. क्लीनर साइडच्या, म्हणजे डाव्या दाराला लागून सायकलवाला असला तर त्याचं डोकं खिडकीच्या खाली राहतं. आरशात गाडीच्या मागचं दिसतं, दाराशेजारचं दिसत नाही. बंपरच्या अगदी पुढं दोन पावलांवर कुणी उभं असलं तरी तेच. सिग्नलला पुढं जाऊन ट्रकच्या नाकासमोर थांबणारे खूप आहेत, त्यांना वाटतं आपण समोर आहोत म्हणजे दिसतोय. ट्रेलरचं तर आणखी वेगळं. डावीकडे वळताना केबिन वळतं, मागचा सांगाडा अजून सरळच असतो. त्या वेळी डाव्या आरशात नुसता ट्रेलरचा पत्रा भरून राहतो.

आता उजवीकडे का सरकला ते. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापत येतात. गल्लीत सरळ घुसवली तर मागचं चाक गटारात नाहीतर खांबावर. म्हणून आधी उजवीकडे घेऊन गाडी मोकळी करायची, मग डावीकडे टाकायची. तुम्हाला दिसली ती हातभर जागा मागच्या चाकांसाठी सोडलेली होती. पोरीला एवढं एकच शिकवलंत तरी पुष्कळ: मोठी गाडी उजवीकडे सरकली आणि डावीकडे जागा झाली की तिथं जायचं नाही, मागं थांबायचं. इंडिकेटर लागलेला असो नसो. आमच्यातले कितीतरी जण तो लावतच नाहीत, ते मी मान्य करतो.

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी १९९८ ला लाइनवर आलो तो क्लीनर म्हणून. माझं काम काय, तर शहरात शिरलं की डाव्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढायचं आणि दार बडवत राहायचं. आमच्या गाडीवर एक थाप म्हणजे येऊ दे, दोन म्हणजे थांब. पिंपळगावहून कांदा भरून निघालो की नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत माझा तळहात लाल व्हायचा. त्या थापेच्या भरवशावर उस्ताद गाडी वळवायचा. आता शहरातल्या फेऱ्यांना मालक क्लीनर देत नाही, पगार वाचतो ना. डाव्या बाजूचा डोळाच काढून घेतलाय आणि वर ड्रायव्हरला विचारतात, दिसलं कसं नाही.

बेलच्या भरवशावर राहू नका, आम्हाला ऐकू येत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीचं झालंय. चांगलं झालं, मे महिन्यात इंजिनशेजारी बसून धुळ्यापर्यंत जाऊन बघा म्हणजे कळेल. पण काचा बंद राहिल्या की पत्रा बडवलेलाही कळायचा नाही.

आणि त्या पोरांना कुणीतरी सांगा, चढावर सायकलवरून ट्रकच्या मागच्या फाळक्याची साखळी धरून येऊ नका. हवेचा ब्रेक दाबला की पाठीमागचा माणूस कुठं जातो ते मला परत बघायचं नाही.

पहाटे_त्र्यंबक

दादा, तुमचं सगळं वाचलं, मनापासून धन्यवाद. क्लीनरचं मला खरंच माहीत नव्हतं. तरी एका गोष्टीवर बोलतेच.

मी आठवड्यातून तीन दिवस पहाटे त्र्यंबकपर्यंत सायकलनं जाऊन येते. मला लहानपणापासून शिकवलं ते "कडेनं चालव". लिंक रोडला कड आहे कुठं? कडेला खडी, वाळू, आणि ओळीनं उभे ट्रेलर. कडेनं चालवणाऱ्याला दर शंभर पावलांवर एखाद्या उभ्या गाडीला वळसा घालून रस्त्यात यावं लागतं, आणि मागच्यासाठी तो अचानक उगवतो. तुमच्या मुलीला सांगा, उभ्या गाड्यांच्या ओळीच्या बाहेरूनच एका सरळ रेषेत चालव, आतबाहेर करू नकोस. वळायच्या खूप आधी मागं बघ, हात पूर्ण लांब कर. आणि वळणावर ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा शोध. चेहरा दिसला तर त्याला तू दिसण्याची शक्यता तरी आहे. दिसला नाही तर तू तिथं नाहीसच असं धरून चाल.

मागचा लाल दिवा दिवसाही लावते मी. पावसाळ्यात तर हवाच.

पण दादा, सगळं सायकलवाल्यानंच का शिकायचं? भरलेली दहाचाकी २८ टनांपर्यंत जाते. माझी सायकल ११ किलोची आहे. चूक दोघांची सारखी असली तरी मरणार कोण हे ठरलेलं आहे. मग वळताना एक सेकंद थांबून डावीकडे बघायची जबाबदारी जास्त कुणाची? २०१५ मध्ये आपल्या नाशिकचे महाजन डॉक्टर बंधू अख्खी अमेरिका सायकलनं पार करून आले, तेव्हा आम्ही किती आनंद केला होता. त्याच गावात शाळेच्या सायकलीला आई नको म्हणते. ताईंचं चुकत नाही. त्यांना घाबरवणारा रस्ता चुकतोय, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी एवढे रस्ते नव्यानं होत असताना सायकलला जागा मागायची हीच वेळ आहे.

आडगाव_लाइनवाला

ताई, जबाबदारी आमचीच जास्त. ते मी नाकारत नाही. पण दोन रात्री जागून आलेल्या आणि गेटवर सहा तास उभं केलेल्या ड्रायव्हरचा तो एक सेकंदच आधी जातो. हे कारण म्हणून सांगत नाही, घडतं कसं ते सांगतोय.

गॅरेज_द्वारका

माझं गाड्यांच्या बॉडीचं काम आहे. त्याआधी दोन वर्षं इंग्लंडमध्ये नोकरीला होतो. दोन्हीकडचं थोडं लिहितो.

लंडनमध्ये केबिनमधून थेट डोळ्यांनी किती दिसतं यावर १२ टनांवरच्या गाड्यांना शून्य ते पाच तारे देतात. ऑक्टोबर २०२४ पासून तिथं निदान तीन तारे लागतात, नसतील तर डावी बाजू आणि पुढचा भाग दाखवणारे कॅमेरे, सेन्सर बसवल्याशिवाय गाडी शहरात आणता येत नाही. तिकडेही वाहनं डावीकडूनच चालतात, म्हणजे सायकलवाल्याचा धोका आपल्यासारखाच, डाव्या वळणाचा. तिथले पोलीस आणखी एक करतात, ते मला फार आवडलं. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा करून सायकलवाल्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवतात. पाच मिनिटं. नंतर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे मोठ्या मालवाहू गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये बाजूचा गार्ड नियमानंच लागतो. सायकलवाला पडला तर चाकाखाली न जाता बाहेर ढकलला जावा, यासाठी तो असतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत कित्येकांचा डावा गार्ड वाकलेला असतो नाहीतर एका बोल्टवर लोंबत असतो. दगडाला, कठड्याला घासतो आणि मालक म्हणतो राहू दे, पासिंगच्या वेळी बघू. मी आता गार्ड सरळ केल्याशिवाय गाडी देत नाही, दोन गिऱ्हाइकं तुटली त्यापायी. केबिनच्या डाव्या दाराच्या वर खाली बघणारा फुगीर आरसा लावून घेतला तर दाराशेजारचा बराच भाग दिसतो. कमी खर्चाचं काम आहे. मालकांनो, लावा.

वेगाचं एक गणित पोरीला सांगा, नववीत जाणार म्हणजे पटकन कळेल. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. बघून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी १६ मीटरहून जास्त पुढं आलेली असते. त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात.

आणि फिटरभाऊ, साडेतीनला पाळी आणि साडेतीनलाच गाड्या, हे आधी थांबवा. कंपनीत बोलून बघा. गाड्या २० मिनिटं आत थांबल्या तर कुणाचं काय अडतं?

आडगाव_लाइनवाला

फिटरकाका, लंडनवालं आपण इथंच करू. रविवारी माझी गाडी आडगावच्या ट्रक टर्मिनसला उभी असते. पोरीला आणि वहिनींना घेऊन या. सायकलही आणा.

अशोकनगरचा_फिटर

रविवारी जाऊन आलो. उशिरा लिहितोय, पण सगळं सांगायचंच होतं.

सायकल रिक्षावर बांधून नेली. भाऊंनी गाडी धुवून ठेवली होती, चहा सांगून ठेवला होता. आधी मला वर चढवलं. मुलगी सायकल घेऊन खाली. भाऊ तिला एकेक जागा दाखवत होते आणि मी वरून "दिसते" किंवा "नाही दिसत" असं ओरडत होतो. पाठीमागं लांब होती तोवर आरशात स्पष्ट दिसत होती, तिच्या वेणीची रिबीनसुद्धा. जसजशी पुढं आली तशी आरशाच्या कडेला गेली आणि डाव्या दाराशी आली तेव्हा संपलीच. मी मान वाकडी केली, सीटवरून उठलो, तरी नाही. भाऊंनी तिला हात वर करायला सांगितला, तेव्हा काचेच्या खालच्या कडेवर बोटांची टोकं दिसली. मला त्या क्षणी त्या पंचविशीतल्या पोराचा चेहरा आठवला. त्याचा नंबर घेतला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

मग मुलगी वर बसली आणि मी खाली. दाराशी जाऊन उभा राहिलो. वरून तिचा आवाज आला, "बाबा, तुम्ही गेलात कुठं?" तिच्या आईनं ते ऐकलं. ती नंतर स्वतःही वर चढली, साडी सावरत, आणि बराच वेळ बसून होती.

घरी येताना मुलीनंच रस्ता ठरवला. लिंक रोड घ्यायचाच नाही, आतल्या कॉलनीतून जायचं. सात मिनिटं जास्त लागतात. मोठा चौक लागतो तिथं उतरून सायकल हातात धरून ओलांडायचं. आई "जूनमध्ये बघू" म्हणाली आहे. आमच्या घरात याचा अर्थ निम्मा होकार असतो. मागचा दिवा काल घेतला.

भाऊंच्या गाडीचा डावा गार्ड मी वाकून बघितला. मधली पट्टी आत गेलेली होती. त्यांनी काही न बोलता माझ्याकडे बघितलं आणि परवा द्वारकेला गॅरेजवाल्या भाऊंकडून सरळ करून घेतल्याचा फोटो पाठवला. फुगीर आरसाही लावलाय.

कंपनीत डिस्पॅचच्या साहेबांशी बोललो. आम्ही आठ सायकलवाले मिळून गेलो होतो. ते म्हणाले, पावणेचारनंतर गाड्या सोडू. सोमवारी सोडल्या तशा, मंगळवारीही. बुधवारी तीन पस्तीसला एक ट्रेलर गेटबाहेर आला. मी गेटवरच थांबलो, तो वळून जाईपर्यंत बाकीच्यांनाही थांबवलं. उद्या परत जाऊन बोलणार आहे.