मदत हवी आहे: तेरडा मान टाकतोय, गौरी तोंडावर

गॅलरीवाली
गौरी जेमतेम तीन आठवड्यांवर आल्यात आणि माझा तेरडा मान टाकतोय. बी सासरहून आणलेलं, उगवलं छान, रोपं हातभर झाली. पण कळी एक नाही. आता खालची पानं पिवळी पडून गळतायत. काय घालू ते पटकन सांगा. विकत आणा म्हणून कोणी सांगू नका, ते मलाही कळतं.

गडगेकर
काय घालू ते नंतर. राहता कुठे? कुंडी की जमीन? बी पेरलं कधी? आमच्याकडे राजापुरात तेरडा कोणी मुद्दाम लावत नाही. बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शाने तडकतं, बी उडतं आणि पुढच्या पावसात गडग्याच्या कडेला रान माजतं.

जीवामृतवाला
एक भाग जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवण, दहा भाग पाणी. डोळे मिटून घाला. माझी मिरची बघायला या.

रानभूल
मरणाऱ्या रोपाला जेवण कसलं वाढताय? आधी मूळ धड आहे का ते बघू दे त्यांना.

गॅलरीवाली
पुणे. कुंडी. जूनमध्ये पेरलं. रोज पाणी घालते, ऊन येतं. आता सांगा.

रानभूल
ऊन "येतं" म्हणजे किती तास? कुंडीखाली ताटली आहे का? मातीलगत दांडा चिमटीत धरून बघा, कडक लागतो की मऊ.

डोंगरयात्री
तेरडा बघायचा तर कासला जा! अख्खं पठार जांभळं होतं. तिथूनच दोन रोपं आणायची की.

रानभूल
कृपा करून असले सल्ले देऊ नका. २०१२ पासून कास जागतिक वारसा यादीत आहे, तिथलं पानही तोडायचं नाही. शिवाय तो तेरडा वेगळा, इम्पेशन्स लॉई. गौरीचा तो इम्पेशन्स बाल्समिना.

गॅलरीवाली
दोन रोपं बुडाशी मऊ, तपकिरी, बोटाला चिकट पाणी लागलं. बाकीची कडक आहेत. ताटली आहे, पाणी टपकलं की खालच्या काकू ओरडतात. ऊन सकाळी आठ ते दहा, दोनच तास. कुंडीत नुसतं कोकोपीट.

रानभूल
मग झालं की. पावसाळी हवा, कोकोपीट आणि वर ताटलीत साचलेलं पाणी, म्हणजे बूड कुजणारच. तेरड्याला ओल लागते, पण पाय पाण्यात चालत नाहीत. मऊ रोपं मातीसकट काढून टाका. ताटली हलवा, बोटभर खाली कोरडं लागेल तेव्हाच पाणी. कडक रोपं माती, वाळू आणि थोडं शेणखत अशा मिश्रणात लावा, जास्त ऊन असेल तिथे ठेवा. कळ्या उन्हावाचून अडल्यात.

जीवामृतवाला
शेणखत चालतं, जीवामृत नाही. वा!

लेकुरवाळी
आमच्यात खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे आणायचे, तेरड्याची भानगडच नाही.

गडगेकर
हे कोणी विचारलं होतं? बाई, तुमच्याकडे तेरडा पूजेत वाहायला लागतो की तेरड्याचीच गौर?

गॅलरीवाली
तेरड्याचीच. मुळांसकट जुडी बांधतो, मुळं म्हणजे तिची पावलं.

गडगेकर
आमच्यातही तसंच. मग फुलांचं कसलं टेन्शन? मुळं जपा. नसला फुलला तरी गौर बसेल.

गॅलरीवाली
सासूबाईंना हे तुम्ही सांगा. असो, ताटली काढली, सोसायटीच्या गच्चीवर जागा मिळतेय. पण एका रोपावर बोटाएवढी अळी आहे, शेपटीला शिंग, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. अर्धी पानं फस्त!

जीवामृतवाला
दशपर्णी अर्क फवारा, दहा झाडांच्या पाल्याचा. कीड जाते.

रानभूल
एका अळीसाठी? पतंगाची आहे, चावत नाही. ही अळूवरही जगते, उचलून तिकडे सोडा.

गॅलरीवाली
सोसायटीत अळू फक्त खालच्या काकूंकडे आहे.