दहा बाय नऊच्या खोलीत जिम: काय घ्यावं आणि ते वापरात कसं ठेवावं?

अबोली_२

घरातली एक खोली रिकामी होते आहे. लांबी १० फूट, रुंदी ९ फूट, छतही ९ फुटांवर. मधोमध पंखा, खाली टाइल्स, आणि खालच्या मजल्यावर दुसरं कुटुंब राहतं. वापरणारे आम्ही दोघं, एकाची उंची ६ फूट, दुसरीची ५ फूट ३ इंच. स्क्वॉट (वजनासह उठाबशा), प्रेस (वजन ढकलणं), रो (वजन अंगाकडे ओढणं) वगैरे प्राथमिक प्रकार दोघांनाही येतात.

विचारायचंय ते असं: रॅक (बार टेकवायची चौकट) आणि बारबेल (दोन्ही हातांनी उचलायचा लांब बार) घ्यावा की डंबेलवर भागवावं? स्लॅबला एवढा भार झेपेल का? ट्रेडमिल बसेल का? आणि शेवटचं म्हणजे खरं दुखणं: घरच्या जिममध्ये दोन महिन्यांनी कुणी फिरकत नाही असं सगळेच सांगतात. ते टाळण्यासाठी मांडणीत आणि वेळापत्रकात आधीपासून काय करता येईल? "मनावर घ्या" याच्या पलीकडचं काही असेल तर सांगा.

वजनकाटा

आधी टेप घ्या, वस्तूंच्या याद्या नंतर.

ऑलिम्पिक बारची लांबी साधारण २२० सेंटीमीटर. तुमची खोली लांबीच्या बाजूने ३०५. म्हणजे बार बरोबर मध्ये ठेवला तरी दोन्ही टोकांना जेमतेम ४२ सेंटीमीटर उरतात. प्लेट सरकवताना माणूस त्याच जागेत उभा असतो, आणि प्लेट बाहेर काढायला स्लीव्हच्या (बारच्या टोकाचा, प्लेट चढवायचा भाग) लांबीइतकी मोकळी जागा लागतेच. ४२ मध्ये हे होतं, पण दर वेळी अंग चोरून. ज्या कामाला अंग चोरावं लागतं ते काम माणूस टाळायला लागतो.

छताचं गणित यापेक्षा वाईट आहे. ६ फुटी माणसाने हात सरळ वर केले की मुठीतला बार २२० ते २२५ सेंटीमीटरवर जातो. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे वर आणखी साडेबावीस. पंख्याची पाती बहुधा छतापासून ३० सेंटीमीटर खाली असतात, म्हणजे तुमच्याकडे जमिनीपासून २४४ च्या आसपास. एवढ्या खोलीत रॅक मधोमध येत नाही, तेव्हा एका बाजूची प्लेट पात्यांखाली येणारच. उभ्याने प्रेस करायचा असेल तर पंखा काढून भिंतीवरचा लावा, नाहीतर प्रेस बेंचवर बसून करा.

स्लॅबबद्दल लोक उगाच घाबरतात. राहत्या घराचा मजला साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वापरभार धरून आखलेला असतो. तुमची खोली सुमारे ८.४ चौरस मीटर आहे. बेंच, शंभर-सव्वाशे किलो लोखंड आणि दोन माणसं, तीही एका कोपऱ्यात न कोंबता, ही काळजीची गोष्ट नाही. इमारत जुनी असेल, स्लॅबला भेगा किंवा ओल असेल तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. एरवी त्रास उभ्या भाराचा नसून आदळण्याचा असतो. वीस किलोचं डंबेल गुडघ्याच्या उंचीवरून सोडलं तर टाइल तडकते आणि खालच्यांच्या छताला दणका बसतो.

म्हणून खाली १० मिलिमीटरचं घट्ट रबर, आणि वजनं टेकवायच्या जागी त्या रबराखाली १८ मिलिमीटरचा प्लायवूड. जिगसॉ कोड्यासारखे जोडायचे फोमचे रंगीत चौकोन घेऊ नका. ते दाबले जातात, बेंचचे पाय त्यात रुततात आणि जड स्क्वॉटमध्ये टाच डुगडुगते. स्ट्रेचिंगपुरता एक चौकोन ठेवलात तर हरकत नाही. नवं रबर वास मारतं, आठवडाभर सावलीत उघडं टाकून मगच आत आणा. कापायला धारदार कटर आणि लोखंडी पट्टी, एका दमात न कापता चार-पाच हलक्या ओढी. फरशीवर व्हिनाइल असतं तर रबराचे काळे डाग पडले असते, टाइल्सना तो धोका नाही.

आता वस्तू. माझं मत स्पष्ट आहे: या खोलीला आधी डंबेल. ३५ सेंटीमीटरचे, आटे असलेले दोन रॉड, प्रत्येकी साधारण २ किलोचे. प्लेट अशा: सव्वा किलोच्या चार, अडीचच्या चार, पाचच्या चार. एकूण ३५ किलो. एवढ्यात प्रत्येक डंबेल २ पासून १९.५ किलोपर्यंत अडीच-अडीच किलोच्या टप्प्याने चढवता येतो. रबर चढवलेल्या प्लेट जाड असतात, त्या घेतल्या तर रॉड ४० सेंटीमीटरचा घ्या, नाहीतर पूर्ण वजनावर नटाला आटेच उरत नाहीत. शिवाय अर्ध्या किलोच्या चार प्लेट नक्की घ्या. खांद्याच्या साइड रेजला (हात बाजूने वर उचलणं) ४.५ वरून थेट ७ म्हणजे दीडपटीहून जास्त उडी आहे, तिथेच लोक अडकतात.

बेंच पाठ कलती करता येणारं, पॅडची उंची ४५ सेंटीमीटरच्या आत, नाहीतर ५ फूट ३ इंचवालीचे पाय जमिनीला नीट टेकणार नाहीत. वजनक्षमता पाहताना शरीराचं वजन त्यात धरलेलं असतं हे विसरू नका. दुकानात पाठ ४५ अंशांवर लावून वरचं टोक आडवं हलवून पाहा, तिथे खेळ जाणवला तर तो पुढे वाढतच जाणार.

ट्रेडमिल विसरा. मशीन पावणेदोन मीटर, आणि मागे पडलेल्या माणसासाठी दोन मीटर मोकळी जागा हवी. बेरीज पावणेचार, खोली तीन. मागे भिंत असलेल्या ट्रेडमिलवर पाय घसरला तर माणूस पट्टा आणि भिंत यांच्यामध्ये अडकतो. बाहेर चाला.

सरळसोट

वजनकाटांचं मोजमाप पटतं, निष्कर्ष नाही. १९.५ किलोची जोडी पायांना सहा महिन्यांत अपुरी पडते. ३९ किलो हातात घेऊन स्क्वॉट करताना मांड्यांआधी पकड सुटते. ज्यांना ताकदच वाढवायची आहे त्यांनी ६ फुटी बार आणि अर्ध्या उंचीचा रॅक बघावा.

फक्त घेण्याआधी बारच्या दोन कॉलरमधलं (स्लीव्ह सुरू होते तिथली कडी) अंतर मोजा. ऑलिम्पिक बारला ते १३१ सेंटीमीटर असतं आणि बरेच रॅक त्याच हिशेबाने रुंद केलेले असतात. काही आखूड बार नुसती स्लीव्ह छाटून केलेले असतात, ते रॅकवर बसतात. काहींचा मधला दांडाही आखूड असतो, ते रॅकच्या हुकांवर टेकतच नाहीत आणि ही गोष्ट घरी आणल्यावर कळते.

एकट्याने बेंच प्रेस करणार असाल तर सेफ्टी रॉड (बार सुटला तर झेलणारे रॅकचे आडवे दांडे) छातीच्या पातळीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खाली लावा, पाठीला कमान दिल्यावरची छाती धरून. पाठ सपाट केली की बार रॉडवर टेकला पाहिजे. रिकाम्या बारने एकदा तपासून भोकाचा क्रमांक रंगाने खूण करून ठेवा. दोघांचा क्रमांक वेगळा येईल.

गोळाबेरीज

वस्तूंवर बोलणं झालंय, मी शेवटच्या प्रश्नाकडे येते.

घरची जिम ओस पडते ती बहुतेकदा आळसाने नाही. पहिला सेट (सलग केलेल्या आवृत्त्यांचा गट) सुरू व्हायला लागणारा वेळ हे तिचं मोठं कारण. खोलीत ठेवलेले कपडे उचला, बेंच उघडा, प्लेट शोधा, नट सोडवा, आज काय करायचं ते मोबाइलवर बघा. यात पंधरा मिनिटं गेली की तेवढ्यात दुसरं काम आठवतं. दारातून आत आल्यापासून दोन मिनिटांत पहिला रेप (एक आवृत्ती), ही अट धरून सगळी मांडणी करा. बेंच कायम उघडलेलं ठेवा. आजचा व्यायाम संपला की पुढच्या दिवसाच्या पहिल्या प्रकाराचं वजन रॉडवर चढवूनच बाहेर पडायचं. रॅकला किंवा खिडकीला दोरीने वही-पेन बांधा, तीत पुढच्या वेळचे आकडे आधीच लिहिलेले असावेत. आणि बेंचवर कपडे पडणार हे गृहीत धरून दारामागे चार हुक ठोका. बेंचवरचं पहिलं टॉवेल हटवलं नाही तर महिन्याभरात तिथे इस्त्रीचा ढीग असतो.

वेळ ठरवताना "रोज संध्याकाळी" असं मोघम नको. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या लेखात "अमुक घडलं की तमुक करायचं" अशा नेमक्या योजनांचा परिणाम मांडला आहे. त्याचं घरगुती रूप असं: "सोमवारी आणि गुरुवारी कामावरून आल्यावर चपला काढल्या की थेट खोलीत." सोफा मध्ये आला की योजना मोडली. दुसरी ओळही लिहून ठेवा: "उशीर झाला तर प्रत्येक प्रकाराचा एकच सेट." एक सेट हाही पूर्ण दिवस म्हणून वहीत मांडायचा.

सवय २१ दिवसांत लागते हे डोक्यातून काढा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासात ९६ जण होते. कृती अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि पसारा १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. त्यांच्याकडच्या कृती रोजच्या होत्या, तुमची आठवड्यातून दोन-तीनदा होणार, म्हणून आणखी धीर धरा.

सुरुवातीचा अतिरेक हे दुसरं कारण. अनोळखी व्यायामानंतरचं अंग दुखणं २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं. पहिल्या दिवशी पाच-पाच सेट मारले की तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही आणि दुसरं सत्र आपोआप बुडतं. पहिले दोन आठवडे प्रत्येकी दोनच सेट, आणि सेट संपताना अजून तीन रेप निघाले असते असं वाटलं पाहिजे.

त्यानंतर दोन दिवसांची साधी आखणी पुरते. पहिला दिवस: डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, बेंच प्रेस, एका हाताचा रो, प्लँक. दुसरा दिवस: रोमेनियन डेडलिफ्ट (वजन धरून कमरेतून वाकणं आणि उठणं), बसून शोल्डर प्रेस, पुलअप किंवा बँडची (ताणायची रबरी पट्टी) ओढ, दोन्ही हातांत वजन धरून चालणं. तीन सेट, ८ ते १२ रेप. तिन्ही सेटमध्ये १२ झाले की वजन एक टप्पा वर आणि रेप परत ८ वर. हे आकडे वहीत पुढे सरकताना दिसतात, आरशापेक्षा ते बरेच आधी बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवसांची आहे. सोबत १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल, ती चालूनही भरते.

आजारपण किंवा प्रवासाने दोन आठवडे गेले तर वजन दहा ते वीस टक्के उतरवून दोन सेटने सुरू करा. जुन्या आकड्यावर लगेच उडी मारायची आणि जमलं नाही म्हणून खट्टू व्हायचं, यात लोक कायमचे सुटतात.

अबोली_२

सगळ्यांचे आभार. डंबेलने सुरुवात करायचं ठरतंय, सरळसोट यांचं सहा महिन्यांचं म्हणणं लक्षात ठेवून. अजून दोन शंका. पुलअप बार भिंतीत बसवायचाय, भिंत विटांची आहे, वर बीम आहे. आणि दोघांनी एकाच वेळी व्यायाम केला तर प्लेट बदलण्यातच वेळ जाणार नाही का?

भिंतीपलीकडे

बार बीममध्येच बसवा. विटेत प्रसरण पावणारा अँकर फास्टनर (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) घट्ट आवळला की वीट आतून फुटते. बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस बार गिलाव्यासकट हातात येतो. विटेतच बसवणं भाग असेल तर जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवायचा बोल्ट), आणि तो वाळायला वेष्टनावर लिहिलेला पूर्ण वेळ द्या.

बीमसाठी १० मिलिमीटरचे फास्टनर, प्रत्येक बाजूच्या पट्टीला किमान दोन. भोक फास्टनरच्या वेष्टनावर लिहिलेल्याच व्यासाचं पाडा, अंदाजाने एक नंबर मोठं नको. खोली मोजताना गिलावा धरू नका, काँक्रीटमध्ये ६० मिलिमीटर तरी गेलं पाहिजे. बीमच्या कडेपासून १० सेंटीमीटर आत राहा. ड्रिल सळईवर अडलं तर ती कापत बसू नका, पट्टी सरकवून नवं भोक घ्या. भोकातली धूळ फुंकून आणि ब्रशने काढणं लोक हमखास टाळतात, आणि पकड कमी होते ती त्यामुळेच.

बार भिंतीपासून जितका पुढे तितका वरच्या बोल्टवर ताण जास्त. ५५ ते ६० सेंटीमीटर पुरतात. बार आणि छत यांच्यात डोक्यासाठी ३५ सेंटीमीटर तरी सोडा. बसवल्यावर आधी नुसतं लटका, झोके नकोत. आठवड्याने नट पुन्हा तपासा.

गोळाबेरीज

दोघांसाठी: एकाच प्रकारावर आळीपाळीने राहू नका. एक जण डंबेलवर तीन सेट, तेवढ्यात दुसरा पुलअप बार, बँड किंवा प्लँकवर, मग अदलाबदल. प्लेट प्रत्येक सत्रात दोन-तीनदाच बदलाव्या लागतील. बँड उन्हात लटकवू नका, लेटेक्स कडक होऊन चिरा पडतात. ताणण्याआधी कडांवर बोट फिरवा, बारीकशी चीर लागली तरी तो फेकायचा.

वजनकाटा

एक राहिलं. आटे असलेल्या रॉडचे नट व्यायाम करताना आपोआप सैल होतात, कारण मनगट फिरलं की प्लेटही फिरतात आणि नटाला सोबत घेऊन जातात. नटाच्या आतली रबरी चकती आहे ना ते घेतानाच पाहा. ती झिजली की नुसती चकती बदला, नट फेकू नका. प्रत्येक सेटआधी दोन्ही बाजू हाताने आवळायच्या, डोक्यावरच्या आणि छातीवरच्या प्रकारांना तर न चुकता. आट्यांवर तेल घालू नका. गंज दिसला तर नायलॉनच्या ब्रशने घासून कोरड्या फडक्याने पुसा. तेलाचा हलका हात फक्त पकडीच्या भागावर फिरवा आणि तोही पूर्ण पुसून घ्या.