१९३७ चा स्नो व्हाइट लावला आणि पोरगी जागची हलली नाही, काय असतंय ह्यात?

उन्हाळी_मामा (जुळे सोलापूर)
नमस्कार मंडळी, विषय जरा पोरकट वाटंल पण खरंच विचारायचंय. बहीण सुट्टीला लातूरहून आलीय, तिची पोरगी सहा वर्षांची. बाहेर ४३ डिग्री, बारा ते पाच दार उघडायची सोय नाही, आणि ही दिवसभर मोबाईलवर अंगठा नुसता वर वर सरकवलालीय, एक व्हिडिओ दहा सेकंद टिकत नाही. शेवटी वैतागून मोबाईल काढून घेतला, पडदे ओढले, कूलर लावला आणि टीव्हीवर डिस्नेचा जुना स्नो व्हाइट लावला. मनात म्हटलं पाच मिनिटात रडारड होणार.

तर ८३ मिनिटांचा पिक्चर पोरीनं मांडी मोडली नाही. घर झाडायचा सीन आहे ना, त्यात खारी कचरा सतरंजीखाली ढकलतात आणि हिमगौरी दटावते, तिथं माझ्याकडं वळून म्हणे, "मामा, तू पण तेच करतोस, पलंगाखाली." सगळ्या जनावरांच्या मागून एक कासव जिना चढत असतं, त्याला बघून तर लोळून हसली. मग म्हातारी सफरचंद घेऊन खिडकीत आली आणि त्याच टायमाला लाईट गेली की ओ! अंधार, कूलर बंद, एकदम शांत. पोरगी हळूच म्हणाली, "मामा, खिडकी लाव." ४३ डिग्रीत मी उठून खिडकी लावली, तासभर घामानं निथळत बसलो, पण तिनं उघडू दिली नाही.

मी पण लहानपणी भाड्याची कॅसेट आणून बघितला होता, तेव्हा फक्त चेटकीण लक्षात राहिली. ह्या वेळी वेगळंच काही आवडलं, पण काय ते नीट सांगता येईना. ना मारामारी, ना पळापळ. एवढ्या जुन्या पिक्चरमध्ये असं काय आहे?

शेंगाचटणी
सात बुटके म्हणजे आपला सात रस्ता चौक, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडं 😄
आमच्या शाळेच्या गॅदरिंगला हिमगौरीचं नाटक होतं, मी पाचवा बुटका. दाढी कापसाची आणि चिकटवायला मागाची खळ, शेजारच्या अण्णांनी डबाभर दिली होती. दाढी निघाली दुसऱ्या दिवशी, कातडीसकट.

खडूफळा
मी चित्रकला शिकवतो त्यामुळं जरा लांबण लावतो, माफ करा. तुमच्या भाचीला जे जाणवलं ते बहुतेक हाताचं काम आहे. सेकंदाला २४ फ्रेम, ८३ मिनिटं, गुणाकार करून बघा, १,१९,५२० फ्रेम होतात. बऱ्याच ठिकाणी एकच चित्र दोन फ्रेम चालवतात हे खरं, पण एकेका फ्रेममध्ये चार चार पात्रं वेगवेगळ्या पारदर्शक शीटवर असतात, मग हिशोब परत वर जातो. आणि मागची बॅकग्राउंड जलरंगातली, म्हणून गोष्टीच्या पुस्तकाचं पान उलटल्यासारखं वाटतं.

जंगलात खोली दिसते ती मल्टिप्लेन कॅमेऱ्यामुळं. काचेचे थर एकाखाली एक, प्रत्येक काचेवर वेगळं चित्र, वरून कॅमेरा, आणि जवळची काच जास्त सरकवायची, लांबची कमी. कुर्डुवाडीला जाताना ट्रेनच्या खिडकीतून जवळच्या बाभळी सपासप मागं पळतात आणि लांबची टेकडी आपल्याबरोबर चालते, तेच गणित. गंमत म्हणजे त्याच वर्षी ह्या कॅमेऱ्यावर आधी एक छोटी फिल्म करून बघितली, तिला ऑस्कर पण मिळालं, नाव 'द ओल्ड मिल'. म्हणजे जुनी मिल!! अर्थात ती पवनचक्की आहे, आपल्या कापड मिलसारखी भोंग्याची नाही.

तेव्हा हॉलीवूडवाले ह्या पिक्चरला 'डिस्नेचा वेडेपणा' म्हणायचे, दीड तास कार्टून कोण बघणार म्हणून. खर्च जवळपास १५ लाख डॉलरवर गेला, डिस्नेनं घर गहाण टाकलं. पुढं पिक्चर तुफान चालला आणि १९३९ ला स्पेशल ऑस्कर दिलं, एक मोठी बाहुली आणि सात छोट्या, तेही बालनटी शर्ली टेम्पलच्या हातून, ती स्वतः तेव्हा दहा वर्षांची.

चिंचबोर
सगळं मान्य दादा, पण मी मध्यंतरी लेकीबरोबर बघायला बसले आणि मला राग आला. हिमगौरी अनोळखी घरात शिरते आणि पहिलं काय करते तर झाडू मारते, भांडी घासते. सात धडधाकट बाप्ये घरात आणि ताटल्यांवर बुरशी. मग शेवटी झोपलेल्या पोरीला न विचारता एक माणूस येऊन मुका घेतो आणि आपण टाळ्या वाजवायच्या? लेकीला पॉज करून सांगितलं की हे असं चालत नाही. तर ती म्हणते, "माहितीय गं आई, तू प्ले कर आधी."

खडूफळा
@चिंचबोर ताई, राजकुमाराचं म्हणाल तर तो पहिल्यांदा येतो आणि शेवटी येतो, मध्ये गायब. त्याचं एक कारण साधं आहे, तो काढायला जमेना! माणसाचा सरळ देखणा चेहरा हलताना खरा वाटणं सगळ्यात अवघड, म्हणून त्याचे सीन कमी केले. बुटक्याचं नाक बटाट्यासारखं निघालं तरी कोण विचारतंय.

पुस्तकी_किडा_४१३
मूळ ग्रिम बंधूंची गोष्ट (१८१२) वाचा, मग पिक्चर किती सौम्य केलाय ते कळंल. तिथं मुका नाहीच. पुढच्या आवृत्त्यांत नोकर काचेची पेटी उचलून नेताना अडखळतात, हिसका बसतो आणि घशात अडकलेला तुकडा बाहेर पडतो, बास. पहिल्या आवृत्तीत तर दुष्ट राणी ही तिची सख्खी आईच, सावत्र नंतर केली. राणी तीनदा येते, एकदा पोलक्याची नाडी करकचून आवळते, एकदा विषारी कंगवा, तिसऱ्यांदा सफरचंद. ते सफरचंद अर्धं पांढरं अर्धं लाल, विष फक्त लाल बाजूत, म्हणून राणी आधी स्वतः पांढरी बाजू खाऊन दाखवते. आणि बुटक्यांना नावंच नाहीत, सातही जण सारखेच.

मागावरचा_धागा
मी सहसा लिहीत नाही, पण ही वरची शेवटची ओळ वाचून राहवेना. नावं नाहीत तर मग त्या गोष्टीत काय राहिलं, असं मला वाटलं, कारण माझ्यासाठी हा पिक्चर म्हणजे ते सात जणच आहेत.

माझे आजोबा मिलमध्ये, वडील चादरीच्या कारखान्यात. बुटके खाणीतून सुट्टी झाल्यावर खांद्यावर हत्यारं टाकून ओळीनं गाणं म्हणत घरी येतात ना, ते लहानपणी बघितलं तेव्हा मला वाटलं भोंगा झाला, पाळी सुटली. आमच्या बोळातून अशीच ओळ यायची, फक्त गाणं नसायचं, डबे वाजायचे. आणि घरी आल्यावर आजी उंबऱ्यातच अडवायची, आधी मोरीत जावा, हातपाय धुवा, मग ताट. आजोबांच्या भुवयांवर सुद्धा कापूस बसलेला असायचा. पिक्चरमध्ये हिमगौरी अगदी तेच करते, हात दाखवा म्हणते, आणि तो रागीट बुटका हटून बसतो मग बाकीचे त्याला उचलून पाण्यात बुचकळतात. आमच्या घरात त्याचं नाव तात्या. बायकांची जात वाईट म्हणून बडबडणारा तोच, आणि तिच्या जिवावर बेतलंय कळल्यावर सगळ्यात पुढं पळणारा पण तोच. शेवटी ती निपचित पडलेली असते तिथं तात्या तोंड फिरवून रडतो. माझी आजी गेली त्या दिवशी आजोबा तसेच उभे होते, भिंतीकडं तोंड करून.

आणि सरांनी फ्रेमचं सांगितलं त्यावर एक. चादरीवर मोर काढायचा तर आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून कार्डाला भोकं पाडायची, आणि जकार्डच्या मागावर एका आडव्या धाग्याला एक कार्ड. मोराची एक मान वळवायला किती कार्डं ते वडिलांना पाठ असायचं. एक भोक चुकलं तर मोराचा डोळा गालावर. चादर घेणारा कधी कार्डं मोजत नाही, पण अंगावर घेतली की त्याला कळतंय. पोरीला पण तसंच कळलं असंल.

शेंगाचटणी
काय बे, मी दाढीवर विनोद करून गेलो आणि तुम्ही रडवलालाव.

चिंचबोर
धागेदादा, तात्यासाठी परत बघते. मुक्याच्या आधी बंद करणार मात्र.

उन्हाळी_मामा
सगळ्यांचे आभार. मला जे सांगता येत नव्हतं ते हेच बहुतेक, म्हणजे मला पिक्चरमध्ये आवडलं ते त्यांचं घर. जिना, मोरी, रात्री जेवण झाल्यावरचा गाण्याबजावण्याचा दंगा. राणीचा एवढा मोठा वाडा आहे पण तिथं कुणी जेवताना दिसत नाही.

एक घोळ मात्र झाला. किड्यांची कमेंट मी मोठ्यानं वाचली तेव्हा भाची मागंच उभी होती. परवा ती लातूरला गेली आणि आज सकाळी बहिणीचा फोन, आधी पाच मिनिटं शिव्या. पोरीपुढं सफरचंद चिरून ठेवलं तर म्हणते, "लाल बाजू तू खा, मी बघते."