मदत हवी आहे: ॲडव्हान्स्ड एंडोस्कोपी फेलोशिप की कायम जागा? लवकर सांगा

स्कोपधारी
गॅस्ट्रोचं ट्रेनिंग संपत आलंय. पुढे टीचिंगमध्येच राहायचं, हे ठरलंय. एका मोठ्या सेंटरची वर्षभराची फेलोशिप मिळतेय आणि दुसरीकडे अध्यापकाची कायम जागा. दोघांनाही याच आठवड्यात कळवायचंय. काय करू? 'मनाचा कौल घे' छाप प्रतिसाद नकोत.

पित्तप्रकोप
ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करायची प्रोसिजर) किती झाल्या? ईयूएस (दुर्बिणीच्या टोकाने आतून सोनोग्राफी) येतं का? कायम जागेवर तुझ्या वर कोण आहे?

स्कोपधारी
लॉगबुकात दोनशेच्या वर आहेत की. ईयूएस थोडंफार.

पित्तप्रकोप
लॉगबुक राहू दे. नेटिव्ह पॅपिलात (आधी न कापलेलं पित्तनलिकेचं आतड्यातलं तोंड) सरांनी स्कोप, म्हणजे दुर्बीण, हातात न घेता कॅन्युलेशन (नलिकेत नळी घालणं) किती वेळा जमलं? एएसजीईच्या (एंडोस्कोपीवाल्यांची अमेरिकन संघटना) हिशेबात 200 म्हणजे तुझं मूल्यमापन सुरू करायची किमान रेषा, पास झाल्याचा शिक्का नव्हे. स्वतंत्र काम करणाऱ्याकडून 90 टक्के कॅन्युलेशनची अपेक्षा असते.

जुनंखोड
कसले हिशेब घेऊन बसलात! 1973-74 च्या सुमारास जर्मनीत क्लासेन आणि जपानात कावाई यांनी पॅपिला कापायला सुरुवात केली, त्यांची कुठे फेलोशिप झाली होती? जागा धर. हात आपोआप बसतो.

पित्तप्रकोप
काका, बसेपर्यंत कोणाच्या पॅन्क्रियासवर? ईआरसीपीनंतरचा पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाचा दाह) मुरलेल्या हातांनाही चुकत नाही. गुदद्वारातून द्यायच्या इंडोमेथॅसिन सपोझिटरीने धोका कमी होतो, जात नाही.

चिंतातुर_जावई
सासऱ्यांच्या पित्ताशयात खडे आहेत. या ईआरसीपीने निघतील का?

पित्तप्रकोप
पित्ताशयातले नाही, पित्तनलिकेतले निघतात. सर्जनला दाखवा आणि वेगळा धागा काढा.

पेपरवाली
सगळे हातावरच अडकलेत. अकॅडेमिक्समध्ये बढती प्रोसिजरच्या आकड्यावर मिळत नाही. इनोउए यांनी 2008 मध्ये पोएम (अन्ननलिकेचा स्नायू दुर्बिणीतून कापायची प्रोसिजर) पहिल्यांदा माणसावर केली. नंतर केसेस नीट लिहून छापल्या, म्हणून ती जगभर गेली. कुठेही जा, आठवड्यातला एक दिवस संशोधनासाठी लेखी घे. तोंडी मिळालेला दिवस पेशंटची लिस्ट लांबली की सगळ्यात आधी जातो.

जुनंखोड
पेपरने खडा निघत नाही, बाई.

पेपरवाली
मघाची सपोझिटरी पेपरमधूनच आली, काका.

मानमोडी
अवांतर: एक्स-रेपासून वाचवणारा लेड ॲप्रन दोन तुकड्यांचा घे, म्हणजे अर्धा भार कमरेवर येतो. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेपेक्षा जरा खाली हवा. माझा डावा अंगठा स्कोपची चाकं फिरवून कामातून गेलाय, हे कुठल्याही मुलाखतीत कोणी सांगत नाही.

स्कोपधारी
मानमोडी, आभार, पण मुद्द्यावर या ना! आणि वर कोण आहे विचारलंत, तर कायम जागेवर ईआरसीपी करणारं दुसरं कोणीच नाही. म्हणून तर घाई करताहेत.

पित्तप्रकोप
अरे, हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं ना! परफोरेशन झालं (आतड्याला भोक पडलं) तर शेजारच्या खोलीतून बोलावणार कोणाला? फेलोशिप घे. जागा वर्षभर राखून ठेवतील का, ते विचार.

जुनंखोड
हे मात्र पटलं. माझ्या मागे सर उभे असायचे.

स्कोपधारी
विचारलं होतं. 'बघू' म्हणाले.

पेपरवाली
म्हणजे नाही. पण फेलोशिपवरही लगेच हुरळून जाऊ नकोस. गेल्या वर्षीच्या फेलोचा नंबर माग आणि त्यालाच विचार, स्कोप हातात मिळायचा की वर्षभर गाइडवायरच (नलिकेत सरकवायची तार) धरली.