एकाच वेळी तीन शाली सुयांवर आहेत, कशा सांभाळायच्या?

सुलट_उलट

सध्या माझ्याकडे तीन शाली चालू आहेत. एक साधी त्रिकोणी, मानेपासून सुरू करून खाली वाढवत न्यायची, दोन्ही बाजूंनी सुलट. दुसरी लेसची, बारीक लोकर, पानांची वीण आणि चार्ट (चौकटींत काढलेला विणीचा नकाशा) बघितल्याशिवाय एक टाकाही पुढे जात नाही. आणि तिसरी मोहेरची (अंगोरा शेळीची लवदार लोकर) आयताकृती, आईसाठी. तिन्ही मनापासून करायच्या आहेत, एकही सोडायची नाहीये. पण लेसची मध्ये काही दिवस बाजूला राहिली की परत हातात घेतल्यावर आपण चार्टच्या कुठल्या ओळीवर होतो हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो, तोवर विणायचा मूड गेलेला असतो. मैत्रीण म्हणते एका वेळी एकच घे, ती संपव आणि मग दुसरी. मला ते पटत नाही कारण दमलेलं असताना लेस होत नाही आणि नुसतं सुलट सुलट विणून कंटाळा येतो. तुम्ही कसं करता? आणि सुईवर खूप दिवस राहिली तर शाल खराब होते का?

गुंडेवाली

अगं तीन काही जास्त नाहीत, फक्त तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या हव्यात आणि तुझ्या आहेतच. एक गप्पा मारता मारता होणारी, एक मान खाली घालून करायची, एक मधली. दोन लेसच्या एकदम घेतल्या असत्यास तर मी नको म्हटलं असतं, कारण दोन चार्ट डोक्यात एकमेकांत मिसळतात.

तुझा खरा प्रॉब्लेम मला वाटतं थांबायच्या जागेचा आहे. लेस कधीही जाळीच्या ओळीवर थांबवू नकोस, तिच्यानंतरची, मागच्या बाजूची साधी उलट ओळ पूर्ण करूनच ठेव. ओळीच्या मध्ये तर अजिबात नाही, कारण अर्धे टाके एका सुईवर आणि अर्धे दुसरीवर राहिले की जिथे सुया भेटतात तिथला टाका ताणला जातो, आणि पिशवीतून काढताना नेमके तिथलेच टाके सुटतात.

दुसरं म्हणजे लाइफलाइन घाल. एक रिपीट, म्हणजे चार्टची एक पूर्ण आवृत्ती, झाली की साध्या ओळीनंतर सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून जाड सुईने दुसऱ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून घ्यायचा, मार्करमधून (टाके मोजायला सुईवर घातलेल्या खुणेच्या कड्यांमधून) मात्र ओवायचा नाही, नाहीतर मार्कर तिथेच अडकून बसतो. पुढे काही चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं, टाके तिथेच उभे राहतात. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे, दोरा म्हणजे चार्टची शेवटची ओळ, तिथून वर पानं मोजली की कुठे आहोत ते लगेच कळतं. चार्टवर मी चिकटणारी कागदी पट्टी लावते, झालेल्या ओळी झाकायला नाही, पुढच्या ओळी झाकायला. म्हणजे आत्ता विणायची ओळ आणि तिच्याखाली आधी विणलेली ओळ दोन्ही दिसतात आणि सुईवरचं जाळं कागदाशी ताडून बघता येतं.

वीणवेडा

वरचं सगळं बरोबर, मी फक्त त्रिकोणी शालीबद्दल लिहितो कारण तिथे हिशोब फसवा असतो. समजा ९ टाक्यांनी सुरुवात केली, दर दोन ओळींमागे ४ टाके वाढतात आणि शाल २०० ओळींची आहे. १०० ओळी झाल्या की वाटतं अर्धी झाली, पण एकूण टाके मोजलेत तर तेव्हा जेमतेम पाव काम झालेलं असतं. खरा अर्धा टप्पा साधारण १४० व्या ओळीला येतो आणि शेवटच्या २० ओळी एकट्या जवळजवळ पाचवा हिस्सा लोकर खातात. आपण ओळी मोजतो आणि प्रत्येक ओळ आधीपेक्षा लांब होत जाते, म्हणून असं होतं. तीन शाली चालवताना हे फार महत्त्वाचं आहे, कारण "ही होतच आलीये, आधी हीच संपवू" असं ज्या शालीबद्दल वाटतं तीच सगळ्यात जास्त वेळ मागते, आणि मग बाकीच्या दोन मागे पडल्या म्हणून जीव खालीवर होतो.

लोकर पुरेल का हेही ओळींवर नाही, काट्यावर बघा. उरलेला गुंडा वजन करा, चार ओळी विणा, परत वजन करा. एकाच ओळीत १ ग्रॅमच्या काट्यावर काही कळत नाही. टाके बंद करायला साध्या ओळीपेक्षा जास्त लोकर लागते, शालीची कड सैल हवी असेल तर आणखीच, तेवढी आधीच बाजूला धरा. आणि एकाच शालीचे सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घेऊन त्याच शालीच्या पिशवीत ठेवा, उरलंय म्हणून दुसरीत ढकलू नका. नंतर त्याच रंगाचा गुंडा आणला तरी छटा जुळेलच असं नाही आणि मोठ्या शालीवर तो पट्टा लांबूनही दिसतो.

चार_सुया

माझं थोडं वेगळं मत. तीन चालतात पण एक पुढे असू दे. आईची शाल कधी द्यायची ठरलंय का? ठरलं असेल तर तीच पुढे, बाकीच्या दोन तिच्यातून विश्रांती म्हणून.

सुयांचं एक सांगते. प्रत्येक पिशवीत कागदाची चिठ्ठी ठेव, त्यावर सुईचा आकार मिलिमीटरमध्येच लिही, नंबर लिहू नकोस. जुन्या ब्रिटिश नंबरात ८ म्हणजे ४ मिमी आणि १० म्हणजे ३.२५ मिमी, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक, अमेरिकन नंबरात बरोबर उलट, तिथे ८ म्हणजे ५ मिमी. एका शालीची सुई दुसरीला काढून घेतलीस आणि परत येताना चुकीची लावलीस तर वीण तिथून बदलते आणि धुऊन ताणून वाळवल्यावरही ती रेघ राहते.

सुईवर राहून शाल खराब होत नाही गं, खऱ्या लोकरीत बारीकसारीक वळ धुतल्यावर निघून जातात. अॅक्रिलिकमध्ये तसं होईलच असं नाही. पण लोकर बंद पिशवीत ठेव, कसरीच्या अळ्या लोकरच खातात आणि महिनोन्महिने न हलवलेली पिशवी त्यांना सगळ्यात सोयीची.

आणि मोठ्या खंडानंतर लेस लगेच घेऊ नकोस. आधी दहा मिनिटं साधी शाल विण, हात सैल होतो, मग लेस घे. नाहीतर पहिल्या दोन-तीन ओळी घट्ट येतात.

सुलट_उलट

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. पाव आणि अर्ध्याचा हिशोब वाचून मी लगेच त्रिकोणी शाल काढून ओळी मोजल्या, ती पावाच्याही आत आहे, आता तिची घाई करायची नाही हे पक्कं. आईची पुढे घेते, थंडीच्या आत द्यायचीये. फक्त एक राहिलं, मोहेरलाही लाइफलाइन घालू का? वीण साधीच आहे.

गुंडेवाली

साधी असली तरी घाल, मोहेरला तर आधी घाल. त्याची लव एकमेकांत गुंतते, ओढून उसवायला गेलं की धागा तुटतो, एकेक टाका हाताने सोडवत बसावं लागतं. दर वीतभर विणलं की एक दोरा. शालीच्या रंगापेक्षा एकदम वेगळा रंग घे, गुळगुळीत सुतीच घे, कारण खरबरीत दोऱ्याला लव चिकटली की तो काढतानाच त्रास. आणि दोन्ही टोकं चांगली लांब सोड, शाल पसरून बघितलीस की आत ओढली जातात.